संशोधनात खंड पडलेल्या व्यक्तीला लॅबमध्ये परत घ्यायचंय: पुरवणी निधीचा अर्ज आणि मेंटॉरिंग प्लॅन

ताम्हण | २१ सप्टेंबर २०२३

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मूत्रपिंडाच्या आजारांवर संशोधन करते. माझ्याकडे एनआयएचची (अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेची) पाच वर्षांची आरओवन ग्रँट, म्हणजे संशोधन निधी, आहे आणि तिचं दुसरं वर्ष चालू आहे.

परवा आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणं आटपल्यावर टेबलं पुसताना एक बाई माझ्या शेजारी होती. मी काय काम करते हे तिने विचारलं. मी सांगितलं की मूत्रपिंडाला इजा झाली की तिथे व्रणासारखी ऊती साठत जाते, आणि ते कसं थांबवता येईल हे आम्ही उंदरांमध्ये बघतो. हातातलं फडकं तसंच धरून तिने विचारलं, "मग तिथली मॅक्रोफेज कुठली? रक्तातून आलेली, की आधीपासून मूत्रपिंडातच राहणारी?" (मॅक्रोफेज म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी.) आमच्या लॅबमध्ये सहा महिने याच प्रश्नावर डोकेफोड चालू आहे!

तिची पीएचडी मुंबईची, मॅक्रोफेजवरच. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली. सुरुवातीला कामाची परवानगीच नव्हती, मग दोन मुलं, मग सासूबाईंचं मोठं आजारपण. अशी आठ वर्षं गेली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. तेव्हापासून अर्ज करतेय, पण एकाही ठिकाणाहून उत्तर नाही.

खंडानंतर परत येणाऱ्या संशोधकांसाठी एनआयएच चालू ग्रँटवर पुरवणी निधी देते, म्हणजे रीएन्ट्री सप्लिमेंट. त्यासाठी मी अर्ज करायचं ठरवलंय. विज्ञानाचा भाग लिहून झाला, पण मेंटॉरिंग प्लॅनपाशी, म्हणजे तिला कसं शिकवणार याच्या आराखड्यापाशी, अडकले आहे. मी पोस्टडॉकना (पीएचडीनंतरच्या संशोधकांना) शिकवलंय, पण आठ वर्षांनी परतणाऱ्या माणसासाठी वेगळं काय लिहायचं? खंडाबद्दल किती सांगायचं? डायव्हर्सिटी सप्लिमेंट म्हणून वेगळी योजना आहे, ती जास्त योग्य ठरेल का? कुणी यातून गेलंय का, टेबलाच्या कुठल्याही बाजूने?

(तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काजवा | २१ सप्टेंबर २०२३

ताम्हण, फार चांगलं काम हाती घेतलंयस. मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ग्रँट ऑफिसात आहे, असे अर्ज नेहमी नजरेखालून जातात. आधी ढोबळ गोष्टी.

अर्ज तू करायचा, तिने नाही. निधी तुझ्या चालू ग्रँटला जोडून येतो, त्यामुळे तिचं काम मूळ ग्रँटच्या उद्दिष्टांच्या चौकटीत बसायला हवं. मॅक्रोफेजचा प्रश्न तुझ्या उद्दिष्टांत कुठे आहे ते पहिल्याच परिच्छेदात दाखव. मूळ ग्रँटची पुरेशी मुदत उरलेली लागते. तुझं दुसरंच वर्ष चालू आहे म्हणजे तो प्रश्न नाही. पुढच्या वर्षावर ढकलू मात्र नकोस.

तिच्याकडे डॉक्टरेट आहे आणि ग्रीन कार्ड आहे, या दोन्ही अटी महत्त्वाच्या. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला हा निधी मिळत नाही. खंड किमान सहा महिन्यांचा हवा. मुलांचं संगोपन, स्वतःचं किंवा घरच्यांचं गंभीर आजारपण, जोडीदारासाठी करावं लागलेलं स्थलांतर, ही सगळी कारणं चालतात. तिच्याकडे तर तिन्ही आहेत.

डायव्हर्सिटीवाली योजना तिच्यासाठी नाही. कमी प्रतिनिधित्व असलेल्या वंशगटांच्या व्याख्येत आशियाई येत नाहीत. अपंगत्व आणि वंचित पार्श्वभूमी हे वेगळे गट आहेत, पण तू जे सांगितलंस त्यावरून सरळ रस्ता रीएन्ट्रीचाच.

आणि सगळ्यात आधी, एक ओळही पुढे लिहिण्याआधी, तुझ्या प्रोग्राम ऑफिसरला (एनआयएचमध्ये तुझी ग्रँट सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल कर. एनआयएचमधल्या प्रत्येक इन्स्टिट्यूटच्या तारखा वेगळ्या, किती पैसे देतात तेही वेगळं.

बोरकूट | २१ सप्टेंबर २०२३

आठ वर्षं दोन मुलं, आजारी सासूबाई आणि मंडळाची पंगत सांभाळलेल्या बाईला लॅब सांभाळणं जड जाणार नाही. टाळ्या!

चंदेरी | २२ सप्टेंबर २०२३

मी टेबलाच्या त्या बाजूने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बारा वर्षांपूर्वी मी याच योजनेतून परत आले. खंड सहा वर्षांचा, मुलाच्या आजारपणामुळे. पहिल्या दिवशी माझ्या मेंटॉरने मला पिपेट दिलं आणि म्हणाली, नुसतं पाणी उचल आणि तराजूवर टाक. शंभर मायक्रोलिटर पाण्याचं वजन शंभर मिलिग्रॅम यायला हवं. पहिल्या दहा वेळा माझे आकडे ब्याण्णवपासून एकशे सातपर्यंत हिंडत होते. अंगठा पहिल्या थांब्यावर न थांबता सरळ खाली जायचा. तिसऱ्या दिवशी सगळे आकडे नव्व्याण्णव ते एकशे एकमध्ये आले. तिने तो कागद माझ्या वहीत चिकटवला. तो अजून आहे.

हे सांगायचं कारण असं की ती गोष्ट मेंटॉरिंग प्लॅनमध्ये लिहिलेली होती. "पहिला आठवडा: मूलभूत मोजमापं परत हातात बसवणं, रोज एक तास, मी स्वतः सोबत." मला निधी मिळाला तेव्हा प्रोग्राम ऑफिसरने माझ्या मेंटॉरला सांगितलं होतं की हे वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं. बाकीच्या अर्जांत सगळीकडे "आवश्यक ते प्रशिक्षण दिलं जाईल" एवढंच.

ताम्हण, हे पैसे उमेदवाराच्या हुशारीसाठी आहेत असं आपल्याला वाटतं. पण ते तुझ्या वेळेसाठी आहेत. तू तिला आठवड्यातले किती तास देणार, कुठल्या वारी, त्या तासात काय करणार, ती अडली तर दुसरं कोण आहे, हे वाचून त्यांना ठरवायचं असतं. ती हुशार आहे ते तिच्या पीएचडीवरून दिसेलच.

खंडाबद्दल: दोन वाक्यं. केव्हापासून केव्हापर्यंत, आणि कशामुळे. माफी नको, समर्थन नको, आणि "त्या काळातही मी लेख वाचत होते" असलं काही उगाच नको. खरोखर काही केलं असेल तर तेवढं लिहा.

घाटपायथा | २२ सप्टेंबर २०२३

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कुणी वाईट वाटून घेऊ नका. मी पोस्टडॉक आहे, सहावं वर्ष. एकही दिवस खंड नाही. आईच्या आजारपणातही दहा दिवसांत परत आलो. आमच्यासारख्यांना पुढची जागा मिळत नाहीये, आणि आठ वर्षं बाहेर असलेल्या व्यक्तीसाठी वेगळा निधी? आठ वर्षांत सिंगल-सेल सीक्वेन्सिंग (एकेका पेशीतली जनुकं वाचणं) कुठल्या कुठे गेलंय. त्यांनी पीएचडी केली तेव्हाची तंत्रं आता कुणी वापरत नाही. सहानुभूती वेगळी आणि विज्ञान वेगळं.

नर्मदाकाठ | २२ सप्टेंबर २०२३

घाटपायथा, आईसाठी दहाच दिवस मिळाले हे वाचून वाईट वाटलं. तुझ्यावर तो अन्यायच झाला. पण त्याचा राग दुसऱ्या कुणाच्या खंडावर काढू नकोस.

हा निधी तुझ्या वाट्याच्या जागेतून कापून दिलेला नाही. तो एका चालू ग्रँटवर जास्तीचा म्हणून येतो. तो मिळाला नाही तर ते पैसे ताम्हणकडे दुसरा पोस्टडॉक घ्यायला येणार नाहीत.

आणि "बाहेर असलेली व्यक्ती" या शब्दांबद्दल. मी २०११ मध्ये एच-४ वर आले. मायक्रोबायोलॉजीत एमएससी, पीएचडी. डिपेंडंट व्हिसावर काम करायला कायद्यानेच मनाई होती. मे २०१५ मध्ये नियम बदलला, तोही फक्त ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलंय त्यांच्यासाठी. मला २०१७ मध्ये परवानगी मिळाली. ती सहा वर्षं मी लायब्ररीच्या खिडकीत बसून जर्नलं वाचली. फुकट काम करते म्हटलं तर विद्यापीठं त्यालाही कायद्याच्या भीतीने नाही म्हणायची. मी बाहेर गेले नव्हते. मला दार उघडत नव्हतं.

मृदा | २२ सप्टेंबर २०२३

+१. नर्मदाकाठ, डोळ्यात पाणी आलं.

सांजवारा | २३ सप्टेंबर २०२३

भारतात असं काही आहे का? रामलिंगस्वामी रीएन्ट्री फेलोशिप ऐकून आहे. माझी बहीण चार वर्षं घरी आहे, बायोकेमिस्ट्रीत पीएचडी.

पारिजातक_पुणे | २३ सप्टेंबर २०२३

सांजवारा, नावामुळे गोंधळ होतो. रामलिंगस्वामी फेलोशिपमधलं रीएन्ट्री म्हणजे परदेशातून भारतात परत येणं. खंडानंतर परत येणं नव्हे. घरी असलेल्या बहिणीला तिचा उपयोग नाही.

तिच्यासाठी वेगळं बघा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना (वॉस) सुरू केली. तिच्यातल्या वॉस-ए मध्ये स्वतःचा संशोधन प्रकल्प घेऊन यायचं, वॉस-सी मध्ये पेटंट आणि बौद्धिक संपदेचं वर्षभराचं प्रशिक्षण. आता हे सगळं वाइज-किरण या छत्राखाली आलंय, आणि वॉस-ए च्या जागी वाइज-पीएचडी आणि वाइज-पीडीएफ (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर ही योजना २०११ पासूनची. आरोग्य संशोधन विभागाच्या मनुष्यबळ विकास योजनेतही खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी फेलोशिप आहे. बायोकेमिस्ट्री असेल तर ती आणि बायोकेअर दोन्हीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

मी यातल्या एका योजनेतून परत आले. आपल्याकडे मोठा फरक असा की प्रकल्प बाईच्या नावावर असतो, अर्ज तिचा, मुलाखत तिची, मेंटॉर फक्त पाठिंब्याचं पत्र देतो. हे एका अर्थी फार चांगलं आहे. मी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावरच्या पैशातून अँटिबॉडी मागवली तेव्हा त्या बिलाचा फोटो आईला पाठवला होता.

पण मेंटॉरवर काहीच बंधन नसतं, हेही खरं. मी ज्या संस्थेत होते (नाव लिहीत नाही) तिथे गाइडनी सही करून दिली आणि नंतर वर्षभरात तीनदा भेटले. बसायला जागा नव्हती, स्टोअररूममध्ये टेबल टाकलं होतं. दुसऱ्या वर्षाचा हप्ता यायला सात महिने लागले, कारण संस्थेच्या अकाउंट्समधून यूसी, म्हणजे खर्चाचं प्रमाणपत्र, वेळेवर गेलंच नाही. सात महिने बिनपगारी काम केलं. तुमच्या त्या योजनेत मेंटॉरला आपला वेळ लिहून द्यावा लागतो हे वाचून मला वाटलं की आपल्याकडे नेमकं हेच राहिलंय.

सांजवारा | २३ सप्टेंबर २०२३

खूप आभार पारिजातकताई. बहिणीला धागा पाठवला.

टेम्सकर | २३ सप्टेंबर २०२३

इंग्लंडमधली भर घालतो. इथे डॅफ्नी जॅक्सन ट्रस्ट आहे. त्या ब्रिटनमधल्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक, सरे विद्यापीठात. १९८५ मध्ये त्यांनी ही फेलोशिप सुरू केली आणि त्यांच्या निधनानंतर १९९२ मध्ये त्यांच्या नावाने ट्रस्ट झाला. खंड किमान दोन वर्षांचा लागतो. कारण घरचं किंवा तब्येतीचं. पुरुषांनाही मिळते. फेलोशिप मुळातच अर्धवेळ असते आणि दर वर्षी किमान शंभर तास पुनर्प्रशिक्षण सक्तीचं.

घाटपायथा, तुमच्या मुद्द्याला हेच उत्तर आहे. तंत्रं बदलली हे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून तर शिकायचे तास आधीच मोजून ठेवलेत. माझी बायको यातून गेली. ती म्हणते, आर ही आकडेवारीची संगणक भाषा शिकायला तीन महिने लागले, पण कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तिला आधीच कळत होतं. लॅबमधल्या तरुण मुलांना ते कळायला वेळ लागला.

गोदाकाठचा_सुन्या | २४ सप्टेंबर २०२३

विषय थोडा बाजूला नेतो. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कामगारांचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. आता इथे पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करतोय. काजवा म्हणाले की आशियाई लोक त्या गटांत येत नाहीत. मग माझ्यासारख्याचं वैविध्य कुठल्या रकान्यात बसतं? व्हिसावर आहे, त्यामुळे आत्ता काहीच मिळणार नाही हे माहीत आहे. तरी पुढचं कळावं म्हणून विचारतो.

काजवा | २४ सप्टेंबर २०२३

सुन्या, प्रश्न रास्त आहे. तुमच्या प्रवासाबद्दल मनापासून आदर.

ती व्याख्या अमेरिकेच्या इतिहासातून आली आहे: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी, पॅसिफिक बेटांवरचे लोक. जात हा रकाना तिथे नाहीच. वंचित पार्श्वभूमीचा जो गट आहे त्यात आईवडील पदवीधर नसणं हा निकष आहे, पण एकट्या निकषावर भागत नाही, यादीतले किमान दोन लागतात. बाकीचे बहुतेक इथल्या सरकारी मदतीशी जोडलेले आहेत: शाळेतलं मोफत जेवण, पेल ग्रँट (गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मदत), फॉस्टर केअर (सरकारने दुसऱ्या कुटुंबात ठेवलेली मुलं), वगैरे. बीडमध्ये वाढलेल्या माणसाने ऊसतोडीच्या हंगामात शाळा सोडली हे सिद्ध करायला या यादीत जागा नाही. तुमची अडचण खरी आहे आणि ती फॉर्म भरण्याच्या कौशल्याने सुटणार नाही.

एक मात्र करा. ही गोष्ट तुमच्या बायोस्केचच्या (अर्जासोबतच्या परिचयपत्राच्या) वैयक्तिक निवेदनात लिहा. निकष म्हणून नव्हे, तर स्थलांतरित कामगारांच्या आरोग्यावर तुम्ही का काम करता याचं कारण म्हणून. (तुमचा विषय तोच असेल असं धरून चाललोय!)

गोदाकाठचा_सुन्या | २४ सप्टेंबर २०२३

तोच आहे :) धन्यवाद दादा.

मृदा | २४ सप्टेंबर २०२३

यावरून जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवल्या. मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आलेल्या आणि १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, शेवटी वर्षभर अटींवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. पुढे मुंबईत येऊन नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं. अटींवर का होईना, दार उघडावं लागलं.

बोरकूट | २४ सप्टेंबर २०२३

आणि कमल रणदिवे! कर्करोग संशोधनात मुंबईत टिश्यू कल्चरची लॅब उभी केली, आणि १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना. वाशीला त्यांची इमारत आहे, तिथे पाळणाघरही चालतं. शास्त्रज्ञ बायकांच्या संस्थेला पाळणाघराची गरज कळते हे किती छान!

चंदेरी | २४ सप्टेंबर २०२३

वेगळा धागा काढा ना त्यांच्यावर, मी पहिली येईन. इथे ताम्हणचा प्लॅन राहतोय.

ताम्हण | १ ऑक्टोबर २०२३

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज रात्री हा धागा वाचत होते. प्रोग्राम ऑफिसरशी फोनवर बोलणं झालं. कल्पना मूळ ग्रँटच्या चौकटीत बसते असं त्यांचं मत आहे, विशेषतः दुसऱ्या उद्दिष्टात. आता मेंटॉरिंग प्लॅनचा कच्चा मसुदा मराठीत सांगते, धडाधड चुका काढा.

"पहिले तीन महिने: उमेदवाराला फ्लो सायटोमेट्री (पेशींना रंग लावून त्यांचे प्रकार मोजणं) आणि सिंगल-सेल विश्लेषणाची ओळख करून दिली जाईल. दर गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्याशी एक तासाची भेट. लॅबच्या साप्ताहिक बैठकीत सहभाग. पहिल्या वर्षाअखेर एका परिषदेत पोस्टर. दुसऱ्या वर्षी प्रथम लेखक म्हणून एक शोधनिबंध आणि स्वतंत्र निधीसाठी अर्ज."

चंदेरी | १ ऑक्टोबर २०२३

"ओळख करून दिली जाईल" काढून टाक. कोण करून देणार? ती काय करणार? असं लिही: "सहाव्या आठवड्यापर्यंत ती इजा झालेल्या एका मूत्रपिंडातून पेशी वेगळ्या करून आठ रंगांचं पॅनेल स्वतः चालवेल, अमुक पोस्टडॉक शेजारी उभा राहील, आणि मिळालेला आलेख आम्ही दोघी बसून वाचू."

आणि सिंगल-सेलसाठी विद्यापीठातला एखादा कोर्स असेल तर त्याचं नाव, तास आणि फी बजेटमध्ये टाक. नुसती इच्छा लिहू नकोस.

दुसरा मेंटॉर घे. इम्युनॉलॉजीतला कुणीतरी, तुझ्या विभागाबाहेरचा. माझ्या वेळी मेंटॉर चार महिने आजारी होती. दुसरं नाव कागदावर होतं म्हणून मी तरले.

काजवा | २ ऑक्टोबर २०२३

ऑफिसच्या बाजूने: तिचं ईआरए कॉमन्सचं (एनआयएचच्या ऑनलाइन अर्जप्रणालीचं) खातं आजच उघडायला सांग. तिचं जुनं खातं नसणार, आणि तुमच्या विद्यापीठातून जोडायला दिवस जातात. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या प्रोटोकॉलमध्ये तिचं नाव घालायला लागेल, त्याचं प्रशिक्षण आधी. अर्जाआधीच तिला तुझ्या ग्रँटमधून पगार सुरू करू नकोस, आधीच ग्रँटवर असलेल्या व्यक्तीसाठी पुरवणी मागता येत नाही. ग्रँटवर खर्च न झालेली रक्कम मोठी असेल तर ती का आहे ते आधीच स्पष्ट कर, तो प्रश्न हमखास येतो. आणि हा अर्ज नेहमीच्या समीक्षा मंडळापुढे जात नाही, इन्स्टिट्यूटचा स्टाफच बघतो. म्हणून प्रोग्राम ऑफिसरशी झालेलं बोलणं इतकं मोलाचं.

घाटपायथा | २ ऑक्टोबर २०२३

नर्मदाकाठताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. "दार उघडत नव्हतं" हे डोक्यातून जात नाही. माझा सूर चुकला.

पण एक मुद्दा सोडत नाही, आणि तो ताम्हणताईंच्या उपयोगाचा वाटतो. मसुद्यात दुसऱ्या वर्षी "स्वतंत्र निधीसाठी अर्ज" म्हटलंय. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज केला तर त्याचा निकाल यायला पुढचं जवळजवळ वर्ष जातं. तोवर त्यांचा पगार कुठून? मी हे माझ्या डोळ्यांदेखत मित्राच्या बाबतीत बघितलंय. आठ वर्षांनी परत आणायचं आणि दोन वर्षांनी पुन्हा रस्त्यावर?

चंदेरी | २ ऑक्टोबर २०२३

घाटपायथा, अगदी बरोबर बोट ठेवलंत. माझे दोन वर्षांचे पैसे संपले आणि पुढचे यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी पुन्हा घरी होते. पहिल्या सहा वर्षांपेक्षा ते पाच महिने जड गेले, कारण या वेळी काय गमावतेय ते माहीत होतं. विभागाने "बघू" म्हटलं होतं, लेखी काही नव्हतं.

ताम्हण, अर्ज पहिल्या वर्षाच्या शेवटी ठेव. आणि विभागप्रमुखांच्या पत्रात एक वाक्य घालून घे: मधल्या काळात किती महिन्यांचा पगार विभाग देईल. आकडा हवा.

ताम्हण | ९ ऑक्टोबर २०२३

विभागप्रमुखांशी बोलले. सुरुवातीला काचकूच झाली. सहा महिन्यांचा अर्धा पगार द्यायला तयार झाले, लेखी. उरलेला मी माझ्या स्टार्टअपच्या (रुजू होताना विद्यापीठाने लॅबसाठी दिलेल्या निधीच्या) शिल्लकीतून काढीन. घाटपायथा, तुम्ही बोलला नसतात तर मला हे सुचलंच नसतं.

आणि एक गंमत. सगळ्या तज्ज्ञांनी मसुदा वाचला, चुका काढल्या. काल तिला वाचायला दिला. ती वाचून म्हणाली, "बाकी सगळं छान आहे. पण गुरुवारी चार वाजता मी येऊ शकणार नाही, शाळा साडेतीनला सुटते."

आठ वर्षांनी परतणाऱ्या माणसासाठी वेगळं काय लिहायचं, असं मी इथे विचारलं होतं. तिलाच आधी विचारायला हवं होतं. आता भेट मंगळवारी सकाळी दहाला. अर्धा वेळ सुरुवात करायची मुभा आहे, म्हणून पहिले सहा महिने अर्धा वेळ, पुढे पूर्ण. हे वेळापत्रक तिने स्वतः आखलंय आणि ते तसंच प्लॅनमध्ये जातंय.

नर्मदाकाठ | ९ ऑक्टोबर २०२३

साडेतीनला शाळा सुटते! हे आपल्यापैकी एकीलाही दिसलं नाही.

पारिजातक_पुणे | १० ऑक्टोबर २०२३

तिला बसायला टेबल कुठे आहे तेही लिही गं.

ताम्हण | १० ऑक्टोबर २०२३

लिहिलं. खिडकीशेजारचं.

ताम्हण | १४ जून २०२४

मंडळी, निधी मंजूर झाला. दोन वर्षं. काल तिचा पहिला दिवस होता. चंदेरी, शंभर मायक्रोलिटर पाणी आणि तराजू, पहिल्या तासाला. एक्क्याण्णव ते एकशे पाच.

चंदेरी | १४ जून २०२४

तो कागद जपून ठेव. वहीत चिकटव.

बोरकूट | १४ जून २०२४

पेढे! पेढे! पेढे!

घाटपायथा | १५ जून २०२४

मनापासून अभिनंदन, दोघींचंही. (मलाही जागा मिळाली, ऑगस्टपासून. आईला भेटायला महिनाभर जातोय आधी.)

केवडा_८ | ११ मार्च २०२५

जुना धागा वर आणतेय. माझ्या लॅबमधल्या एका मुलीसाठी मी डायव्हर्सिटी सप्लिमेंटचा अर्ज निम्मा लिहिला होता. आता ती योजनाच दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही माहिती?

काजवा | ११ मार्च २०२५

केवडा, या वर्षाच्या सुरुवातीला ती बंद करण्यात आली. आमच्याकडचे तीन अर्ज तयार होऊन पडले आहेत. फार वाईट वाटतं, त्यातल्या दोन मुलांना मी ओळखतो. जुनी पानं आणि जुने क्रमांक बघून काहीही पाठवू नका. आधी तुमच्या प्रोग्राम ऑफिसरला फोन करून आज काय खुलं आहे तेवढं विचारा. तिला संशोधनात कधी खंड पडला होता का?

केवडा_८ | ११ मार्च २०२५

हो, वडिलांच्या आजारपणात अकरा महिने. पण तिची पीएचडी अजून व्हायची आहे.

ताम्हण | १२ मार्च २०२५

मग रीएन्ट्रीचा रस्ता आत्ता नाही, त्याला डॉक्टरेट लागते. केवडा, लिहिलेला मेंटॉरिंग प्लॅन टाकून देऊ नकोस. तो तसाच तिच्या पुढच्या फेलोशिपच्या अर्जात जाईल. इथे टाक, आम्ही वाचतो. आधी तिला वाचायला दे.